रिलीज बिल्डमध्ये पट्टीवरचे आकडे बदलले : आर-एट आणि प्रोगार्डचे नियम नेमके कसे लिहावेत?

मोंढ्यातला (लातूर)

सर्वांना नमस्कार. लातूरच्या मोंढ्यातील आडत दुकानांसाठी आम्ही दोघा मित्रांनी एक अँड्रॉइड ॲप तयार केले आहे. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन, भाव, हमाली आणि तोलाई यांची नोंद त्यात होते आणि शेवटी लहानशा ब्लूटूथ प्रिंटरवर पट्टी छापून निघते. दुकानांतील मुनीम मंडळींचे फोन जुने असून त्यांत जागाही कमी असते. त्यामुळे ॲपचा आकार कमी करावा, म्हणून दोन महिन्यांपूर्वी आम्ही ग्रेडल (ॲप बांधणारे साधन) फाइलीत रिलीज बिल्डसाठी, म्हणजे वाटण्याच्या आवृत्तीसाठी, मिनिफाय-एनेबल्ड आणि श्रिंक-रिसोर्सेस हे न लागणारा कोड आणि रिसोर्सेस काढून टाकणारे दोन्ही पर्याय सुरू केले; हे काम आर-एट हे साधन करते. आकार खरोखर कमी झाला, डीबग बिल्ड (आमच्या चाचणीचे) पूर्वीसारखेच नीट चालत राहिले, आणि म्हणून फारशी चाचणी न करता आम्ही रिलीज बिल्ड दुकानांत वाटून मोकळे झालो.

पहिली तक्रार त्याच दिवशी आली. सर्व्हरवरून येणारा दिवसाच्या भावांचा तक्ता रिकामा दिसत होता. ॲप बंद पडत नव्हते, एररही नव्हती, केवळ सोयाबीनच्या पुढे शून्य उमटत होते. भावाच्या क्लासवरील नावे राखून ठेवणारा एक नियम इंटरनेटवरून उचलून आम्ही तेवढे निस्तरले. दुसरी तक्रार मात्र पुढची आवृत्ती दिल्यानंतर आली आणि ती अधिक गंभीर आहे. नेटवर्क नसताना ज्या पट्ट्या फोनमध्येच जीसन या लायब्ररीच्या साहाय्याने जेसन (किल्ली-मूल्य जोड्यांच्या मजकुराच्या) स्वरूपात साठवून ठेवलेल्या होत्या, त्या नव्या आवृत्तीत उघडल्यावर एका पट्टीत ४२ क्विंटल वजन हमालीच्या रकान्यात जाऊन बसले होते आणि हमालीची रक्कम भावाच्या जागी दिसत होती. या आवृत्तीत आम्ही ओलाव्याची टक्केवारी हा एकच रकाना वाढवला होता, बाकी काहीही बदललेले नाही.

सध्या सर्व क्लास जसेच्या तसे ठेवणारा, म्हणजे दोन ताऱ्यांचा सरसकट कीप नियम टाकून वेळ मारून नेली आहे. पण त्यामुळे ॲप पुन्हा पूर्वीइतकेच मोठे झाले आहे. नेमके कोणते नियम लिहावेत आणि ते ठरवायचे कसे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गोदाकाठी (नांदेड)

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की कारण त्यांतच दिसते. नियमांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे; फाइलीत ती रोमन अक्षरांत आणि आधी आडवी रेघ देऊन लिहायची असतात, हे आपणास माहीत आहेच.

आधी आर-एट काय करते ते पाहू. पूर्वी हे काम प्रोगार्ड करीत असे. प्रोगार्ड २००२ पासूनचे आहे आणि नियमांची भाषा त्याचीच. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या ३.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, त्याची जागा गूगलच्या आर-एटने घेतली, परंतु नियमांची भाषा तीच ठेवली. आर-एट ॲपच्या प्रवेशद्वारांपासून सुरुवात करते, तेथून कोणता कोड कोणाला बोलावतो याचा माग काढत जाते, ज्याच्यापर्यंत कोणीच पोहोचत नाही तो काढून टाकते, उरलेल्याची नावे ए, बी, सी अशी लहान करते आणि शक्य तेथे दोन मेथड एकत्र करण्यासारखी सुधारणाही करते. मॅनिफेस्टमध्ये नोंदवलेल्या ॲक्टिव्हिटी आणि सर्व्हिस किंवा लेआउटमध्ये वापरलेले स्वतःचे व्ह्यू यांची प्रवेशद्वारे बिल्डच्या वेळी आपोआप नोंदली जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी नियम लिहिण्याची गरज नसते. अनेक जण तरीही लिहितात, आणि मग फाइल वर्षानुवर्षे फुगत जाते.

अडचण तेथेच येते, जेथे एखाद्या गोष्टीला कोडमधून थेट न बोलावता तिच्या नावाने हाक मारली जाते. जीसन आपल्या क्लासमधील रकान्याचे नाव चालू ॲपमध्ये रिफ्लेक्शनने, म्हणजे क्लासच्या रचनेत डोकावून, वाचते आणि जेसनमधील त्याच नावाची किल्ली शोधते. भाव या रकान्याचे नाव आर-एटने ए केले की सर्व्हरकडून आलेली भावाची किल्ली कोणाशीच जुळत नाही. जीसन अशा वेळी तक्रार न करता रकाना तसाच सोडून देते, आणि म्हणून आपल्याला एरर न दिसता शून्य दिसले.

फोनमध्ये साठवलेल्या पट्ट्यांची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे लिहिणारेही आपलेच ॲप आणि वाचणारेही तेच, म्हणून पहिल्या आवृत्तीत सर्व ठीक चालल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात फाइलीत वजन आणि हमाली लिहिलेलेच नव्हते. ए, बी, सी, डी लिहिलेले होते. पुढील आवृत्तीत ओलावा आला, आर-एटने नावे नव्याने वाटली, आणि जुना ए नव्या ए-मध्ये जाऊन बसला. सर्व रकाने दशांश संख्येचे असल्याने प्रकार जुळला आणि कोणी हरकत घेतली नाही. एखादा रकाना मजकुराचा असता तर ॲप कोसळले असते आणि आपल्याला ते लगेच कळले असते. हिशोबाच्या ॲपमध्ये कोसळणे परवडते, असा चुकीचा आकडा परवडत नाही.

उपाय असा. ज्या क्लासचे जेसन होते त्या प्रत्येकाच्या प्रत्येक रकान्यावर सीरियलाइज्ड-नेम हे ॲनोटेशन (कोडमधील खूण) लावून किल्लीचे नाव स्वतः ठरवून द्यावे. त्यानंतर नियमांच्या फाइलीत, हे ॲनोटेशन असलेले रकाने काढू नयेत परंतु त्यांचे नाव बदलले तरी चालेल, असा कीप-क्लास-मेंबर्स नियम अलाउ-ऑबफस्केशन या जोडीसह लिहावा. नाव किल्लीशी बांधलेले असल्यामुळे आत ते ए झाले काय किंवा झेड झाले काय, साठवलेल्या पट्टीला फरक पडत नाही. जीसनच्या २.११ आणि त्यापुढील आवृत्त्यांत अशा प्रकारचे नियम लायब्ररीसोबतच येतात. जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदलावी.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठी यांच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालणे आवश्यक वाटते, कारण आमच्या कार्यालयात याच ठिकाणी चार दिवस गेले होते. ग्रेडल प्लगइनच्या ८.० आवृत्तीपासून आर-एटचा फुल मोड आपोआप सुरू असतो. त्यापूर्वीची पद्धत प्रोगार्डशी मिळतीजुळती आणि काहीशी उदार होती. फुल मोड तसा नाही. पूर्वी एखादा क्लास कीप केला की त्याचा आर्ग्युमेंट नसलेला कन्स्ट्रक्टरही (वस्तू तयार करणारा भाग) राखला जात असे, आता तो नियमात स्वतंत्रपणे लिहावा लागतो. दुसरे म्हणजे, कीप-ॲट्रिब्यूट्स लिहून सिग्नेचर (प्रकाराची माहिती) राखून ठेवले, तरी ज्या क्लासवर एखादा कीप नियम लागू आहे त्याच क्लासची सिग्नेचर राखली जाते. पट्ट्यांची यादी वाचताना टाइप-टोकन वापरत असाल, तर यादी नेमकी कशाची आहे ही माहिती या सिग्नेचरमध्येच असते. ती गळाली की जीसन यादीच वाचू शकत नाही आणि ॲप तेथे बंद पडते.

तिसरा प्रकार सर्वांत चकवणारा आहे. एखाद्या क्लासची वस्तू केवळ जीसनच तयार करत असेल आणि आपल्या कोडमध्ये ती कोठेही तयार होत नसेल, तर आर-एटच्या दृष्टीने अशी वस्तू कधी अस्तित्वात येऊच शकत नाही. मग ते त्या क्लासला ॲबस्ट्रॅक्ट करून टाकते आणि जीसन म्हणते की ॲबस्ट्रॅक्ट क्लासची वस्तू बनवता येत नाही. आपण कोड उघडून पाहतो तर तेथे ॲबस्ट्रॅक्ट हा शब्दही नसतो! त्या चार दिवसांपैकी दोन दिवस आम्ही याच वाक्याकडे पाहत बसलो होतो.

तात्पुरता मार्ग म्हणून ग्रेडल-प्रॉपर्टीज फाइलीत फुल मोड बंद करता येतो, पण तो कायमचा ठेवू नये. खरे तर रिफ्लेक्शनच सोडून द्यावे. मोशीचे कोडजेन किंवा कोटलिनएक्स सीरियलायझेशन यांपैकी एखादी लायब्ररी वापरली तर वाचण्या-लिहिण्याचा कोड कंपाइल होतानाच तयार होतो आणि आर-एटला तो उघड दिसतो. आम्ही तेच केले आणि नियमांची फाइल निम्म्याहून लहान झाली.

गोदाकाठी (नांदेड)

दीर्घकाळासाठी खामकाठ म्हणतात ते योग्यच आहे. परंतु दसऱ्यानंतर मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढेल, आणि ऐन हंगामात जेसन हाताळणारी लायब्ररी बदलणे म्हणजे पेरणीच्या दिवशी तिफण दुरुस्तीला काढण्यासारखे आहे. सध्या जीसनच ठेवावे आणि हंगाम संपल्यावर बदलावे, असे माझे मत आहे.

बालाघाट (बीड)

आमचे ॲप दूध संकलनासाठी आहे आणि ते इलेक्ट्रॉनिक काट्याशी जोडलेले असते, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळ्या दिशेचा आहे. काट्याच्या पुरवठादाराने दिलेल्या लायब्ररीत सी भाषेत लिहिलेला भाग आहे. ॲपच्या कोटलिन भाषेतून सी-कडे जाणाऱ्या नेटिव्ह मेथडची नावे अँड्रॉइडच्या मूळ नियमफाइलीतच सुरक्षित ठेवलेली असतात, त्यांची काळजी करावी लागत नाही. मात्र वजन स्थिर झाले की सी-चा भाग उलट दिशेने आमच्या एका मेथडला नावाने हाक मारत असे, आणि या उलट दिशेच्या हाकेविषयी आर-एटला काहीच माहीत नसते. कोडमध्ये त्या मेथडला कोणीच बोलावत नाही असे पाहून त्याने ती काढून टाकली. चाचणीत सापडले नाही, कारण कार्यालयातील चाचणी आम्ही काट्याशिवाय, हाताने आकडा टाकून करत होतो. अशा मेथडवर मी आता ॲन्ड्रॉइडएक्सचे कीप हे ॲनोटेशन लावते. नियम वेगळ्या फाइलीत असला की मेथडचे नाव बदलणाऱ्याला तो दिसत नाही. ॲनोटेशन मात्र डोळ्यांसमोर असते.

मोंढ्यातला यांच्या प्रिंटरची लायब्ररीही पुरवठादाराने दिलेली जार, म्हणजे तयार कोडची फाइल असेल, तर तिच्या पॅकेजपुरता कीप नियम लिहिणे क्षम्य आहे, कारण तिच्या आत काय चालते हे आपल्याला दिसत नाही. तेथे एक तारा आणि दोन तारे यांतील फरक ध्यानात ठेवावा. पॅकेजच्या नावापुढे एक तारा दिला तर फक्त त्याच पॅकेजमधील क्लास येतात, आतील उपपॅकेजे येत नाहीत. ती हवी असतील तर दोन तारे द्यावे लागतात.

आणखी एक. बिल्ड करताना क्लास सापडत नसल्याच्या एरर आल्या, तर इंटरनेटवर लगेच डोंट-वॉर्न आणि इग्नोर-वॉर्निंग्ज हे इशारे दडपणारे नियम टाकण्याचा सल्ला मिळतो. आर-एट अशा वेळी मॅपिंगच्या फोल्डरमध्ये मिसिंग-रूल्स नावाची फाइल तयार करून देते. ती जशीच्या तशी न चिकटवता, त्यातील प्रत्येक क्लास आपल्या ॲपला खरोखर लागणार आहे का, हे वाचून पाहावे. इग्नोर-वॉर्निंग्ज मात्र कधीही वापरू नये.

मोंढ्यातला (लातूर)

सर्वांचे आभार. बालाघाट ताई, प्रिंटरची लायब्ररी आपण म्हणता तशीच जार फाइल आहे. सीरियलाइज्ड-नेम सर्व क्लासना लावून झाले आणि सरसकट नियम काढून टाकला आहे. दोन प्रश्न उरतात. नियम योग्य ठिकाणी लागू झाला की नाही, हे ॲप वाटण्याआधी कसे तपासावे? आणि आधीच विस्कटलेल्या पट्ट्या परत कशा मिळवाव्यात?

गोदाकाठी (नांदेड)

पहिल्याचे उत्तर त्याच मॅपिंगच्या फोल्डरमध्ये आहे. बिल्ड, आउटपुट्स, मॅपिंग, रिलीज या मार्गाने गेल्यास आर-एटने ठेवलेल्या फाइली दिसतात. सीड्समध्ये आपल्या नियमांमुळे काय राखले गेले त्याची यादी असते, यूसेजमध्ये काय काढून टाकले त्याची, मॅपिंगमध्ये जुन्या-नव्या नावांची जोडी, आणि कॉन्फिगरेशनमध्ये आपले, अँड्रॉइडचे व सर्व लायब्ररींचे मिळून प्रत्यक्ष लागू झालेले नियम. शेवटची फाइल एकदा तरी सावकाश वाचावी. लायब्ररी स्वतःसोबत नियम आणू शकते, आणि एखाद्या लायब्ररीने त्यात निष्काळजीपणे डोंट-ऑबफस्केट लिहिले असेल, तर प्लगइनच्या ९.० पूर्वीच्या आवृत्त्यांत संपूर्ण ॲपची नावे उघडी राहू शकतात. एखादा क्लास का उरला आहे हे कळत नसेल, तर व्हाय-आर-यू-कीपिंग हा नियम त्या क्लाससाठी लिहिल्यास बिल्डच्या वेळी कारणांची साखळी छापली जाते.

याशिवाय, रिलीजवरून घेतलेला पण डीबगच्या सहीचा एक तिसरा बिल्ड प्रकार ग्रेडलमध्ये करून ठेवावा आणि रोजची चाचणी त्यावरच करावी. डीबग बिल्डवरच्या चाचणीतून या नियमांविषयी काहीही सिद्ध होत नाही.

दुसऱ्याचे उत्तर मॅपिंग फाइलीवर अवलंबून आहे. दोन्ही जुन्या आवृत्त्यांच्या मॅपिंग फाइली आहेत का?

मोंढ्यातला (लातूर)

येथेच आमची चूक झाली आहे. ॲप आम्ही प्ले स्टोअरवर न टाकता व्हॉट्सॲपवरून एपीके (ॲपची फाइल) पाठवून देतो, आणि मॅपिंग फाइल प्रत्येक बिल्डला पुसली जाऊन नवी होते हे लक्षातच आले नाही. एकाही आवृत्तीची फाइल शिल्लक नाही.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

प्ले स्टोअरवर ॲप बंडल टाकले असते तर मॅपिंग त्यासोबतच वर गेली असती. तरीही आशा आहे. आर-एट तेच इनपुट दिले तर तेच आउटपुट देते. त्या आवृत्तीचा कमिट (तेव्हाच्या कोडची साठवलेली नोंद) काढा, प्लगइन आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या तेव्हाच्याच ठेवा आणि पुन्हा बिल्ड करा. तयार झालेली डेक्स (कंपाइल केलेल्या कोडची) फाइल वाटलेल्या एपीकेमधील डेक्सशी तंतोतंत जुळली, तर मॅपिंगही तीच आहे असे समजावे. यापुढे प्रत्येक बिल्डची मॅपिंग व्हर्जन-कोडच्या नावाने वेगळी जपून ठेवा. ती नसेल तर क्रॅशचा अहवाल रीट्रेस या साधनाने उलगडता येत नाही. सोबत कीप-ॲट्रिब्यूट्समध्ये सोर्स-फाइल आणि लाइन-नंबर-टेबल लिहा, म्हणजे उलगडल्यावर ओळ क्रमांकही मिळतात.

शिकाऊ (परभणी)

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि धागा वाचून एक शंका विचारत आहे. ऑबफस्केशन केले की ॲप सुरक्षित होते असे आम्हाला सांगितले गेले आहे. मग एसएमएस पाठवण्याच्या सेवेची ‘की’ (गुप्त किल्ली) ॲपमध्ये ठेवली तर चालेल का? नावे तर सगळी झाकली जातात.

बालाघाट (बीड)

चालणार नाही. आर-एट क्लास, मेथड आणि रकाने यांची नावे बदलते. अवतरण चिन्हांत लिहिलेला मजकूर ते बदलत नाही. आपली की, सर्व्हरचा पत्ता, एररचे संदेश हे सर्व एपीकेमध्ये जसेच्या तसे असतात आणि जॅडएक्ससारख्या साधनाने कोणालाही काही मिनिटांत वाचता येतात. मजकूर झाकणारी वेगळी व्यावसायिक साधने आहेत, पण तीही वाचणाऱ्याचे काम केवळ लांबवतात. की सर्व्हरवर ठेवावी आणि ॲपने सर्व्हरला विनंती करावी. आपण फ्लटर वापरत असाल तर आणखी एक लक्षात घ्या : आर-एट तेथे फक्त जावा आणि कोटलिनच्या भागाला हात लावते, डार्टमध्ये लिहिलेल्या कोडसाठी ऑब्फस्केट आणि स्प्लिट-डीबग-इन्फो हे बिल्डचे पर्याय स्वतंत्रपणे द्यावे लागतात.

मोंढ्यातला (लातूर)

तीन दिवसांनी लिहीत आहे, क्षमस्व. पहिल्या आवृत्तीचा कमिट मिळाला, खामकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे बिल्ड केले आणि डेक्स तंतोतंत जुळली. ओलाव्याच्या आवृत्तीबाबत मात्र डेक्स जुळली नाही, कारण ती आम्ही रात्री उशिरा, कमिट न केलेल्या कोडवरून तयार केली होती. कार्बन प्रती काढून बसण्याखेरीज मार्ग दिसत नव्हता.

तेवढ्यात बालाघाट ताईंनी शिकाऊ यांना दिलेले उत्तर वाचले. पट्टी छापणाऱ्या आमच्या मेथडमध्ये वजन, भाव, हमाली, तोलाई ही लेबले स्ट्रिंग्जच्या एक्सएमएल फाइलीत न ठेवता आम्ही आळसाने थेट कोडमध्येच लिहिलेली होती. दुकानात पाठवलेली एपीके जॅडएक्समध्ये उघडली, हमाली हा शब्द शोधला, आणि त्याच ओळीत पुढे कोणते अक्षर जोडलेले आहे ते वाचले. पाचही रकान्यांची अक्षरे अर्ध्या तासात हाती आली. खात्रीसाठी पहिल्या आवृत्तीची एपीकेही तशीच उघडून पाहिली, तिच्यातील अक्षरे मॅपिंग फाइलीशी जुळली.

आता एकदाच चालणारा दुरुस्तीचा कोड लिहिला आहे. पट्टी कोणत्या आवृत्तीत साठवली गेली हे रकान्यांच्या संख्येवरून ओळखता येते, कारण दशांश संख्येचे रकाने जीसन शून्य असले तरी लिहिते : चार असतील तर पहिली आवृत्ती, पाच असतील तर दुसरी. त्यानुसार किल्ल्या बदलून पट्टी नव्या नावांनी लिहिली जाते. ज्या पट्ट्या नव्या आवृत्तीत उघडून मुनिमांनी पुन्हा साठवल्या, त्यांत पाच रकाने असूनही आकडे आधीच हललेले आहेत. अशा पट्ट्या बहुधा ओलावा शून्य असण्यावरून वेगळ्या काढता येतील, असे आम्हाला वाटले होते.

गोदाकाठी (नांदेड)

तसे करू नका. पाचही अक्षरे नव्याने वाटली गेली आहेत, त्यामुळे शून्य ओलाव्याच्याच रकान्यात असेल असे नाही. जुन्या आवृत्तीत जे अक्षर नव्हतेच, ते नव्या आवृत्तीत ज्या रकान्याला मिळाले असेल त्यात शून्य दिसेल. दोन्ही मॅपिंग समोर ठेवून तो रकाना कोणता ते आधी पाहा.

मोंढ्यातला (लातूर)

पाहिले. तो रकाना तोलाईचा निघाला. तोलाई शून्य असलेल्या सात पट्ट्या सापडल्या आहेत. त्या आपोआप दुरुस्त न करता उद्या सकाळी दुकानात जाऊन कार्बन प्रतींशी पडताळून पाहणार आहोत.